मुलींचे ठोकळे वेगळे कशाला?

पिंपळगाव राजा (जि. बुलढाणा) - खेळण्यांच्या दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा वयाचा नसतो. 'मुलगा की मुलगी?' असे विचारले जाते आणि त्या उत्तरावर दुकानदाराचा हात कोणत्या फळीकडे वळणार हे ठरते. एका फळीवर मोटारी, क्रेन, बंदुका आणि नटबोल्टचे संच. दुसरीवर बाहुल्या, खेळभांडी आणि साजशृंगाराचे डबे. गेल्या दीड दशकात या दोन फळ्यांच्या मधोमध एक तिसरा माल येऊन बसला आहे. तो म्हणजे खास मुलींसाठी म्हणून विकले जाणारे रचनेचे, जोडणीचे संच. ठोकळे तेच, पण रंग गुलाबी-जांभळा. इमारत तीच, पण अग्निशमन केंद्राऐवजी केशकर्तनालय. पूर्वी हा माल मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांपुरता होता. आता ऑनलाइन खरेदीमुळे तो खामगाव तालुक्यातील गावांपर्यंत कुरिअरने येऊ शकतो. म्हणूनच या मालाचे हित-अहित तपासण्याची वेळ आली आहे.

वादाचा उगम डेन्मार्कमधील आहे. बिलुंड येथे १९३२ मध्ये सुरू झालेल्या लेगो कंपनीने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ मध्ये घेतले. या ठोकळ्याचे वैशिष्ट्य असे, की तो कोणत्याही दुसऱ्या ठोकळ्याला घट्ट बसतो आणि तितक्याच सहज सुटतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद करण्याचे काही कारण नव्हते. १९८१ च्या कंपनीच्या एका गाजलेल्या जाहिरातीत निळी जीन्स घातलेली, दोन वेण्यांची एक मुलगी आपण बांधलेले काहीतरी ओबडधोबड हातात धरून हसत उभी आहे. मात्र पुढे कंपनीचे संच अवकाशयुद्धे, चाचे आणि पोलीस यांच्याकडे झुकत गेले आणि गिऱ्हाईक प्रामुख्याने मुलगे राहिले. निम्मी बाजारपेठ हातातून निसटते आहे हे लक्षात आल्यावर कंपनीने चार वर्षे अभ्यास करून २०१२ च्या प्रारंभी 'लेगो फ्रेंड्स' ही मालिका बाजारात आणली. पाच मैत्रिणी, हार्टलेक नावाचे काल्पनिक शहर, कॅफे, ब्यूटी पार्लर, घोड्यांचा तबेला असा तिचा थाट होता.

प्रतिक्रिया दोन्ही टोकांच्या होत्या. अमेरिकेतील मुलींच्या एका चळवळीने काढलेल्या निषेधपत्रावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या. दुसरीकडे पहिल्या सहा महिन्यांत अपेक्षेच्या दुप्पट विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले. सह्या करणारे आणि विकत घेणारे हे दोन वेगळे समुदाय होते असे मानण्याचे कारण नाही. अनेक घरांत आईने निषेधही नोंदवला असेल आणि वाढदिवसाला संचही आणला असेल.

बाजूने काय म्हणता येईल?

या संचांच्या बाजूचा युक्तिवाद वाटतो तितका दुबळा नाही. एखादी वस्तू मुलीच्या हाती पडण्यापूर्वी ती पालकांच्या मनातून जावी लागते. लेगोनेच २०२१ मध्ये अमेरिकेतील जीना डेव्हिस संस्थेच्या मदतीने सात देशांतील सुमारे सात हजार पालक आणि मुलांची पाहणी करून घेतली. त्यात ७६ टक्के पालकांनी हे ठोकळे मुलाला खेळायला सुचवू असे सांगितले. मुलीला सुचवू म्हणणारे २४ टक्केच होते. या सात देशांत भारत नव्हता. आपल्याकडे अशी पाहणी झाली असती तर आकडे याहून सुखद आले असते, असे मानण्याचे धाडस प्रस्तुत प्रतिनिधीला होत नाही. जिथे पालकांच्या मनातच 'हे तिचे नाही' असे पक्के बसलेले आहे, तिथे गुलाबी खोके प्रवेशपत्राचे काम करते. आजी, मावशी, आत्या यांना ते बिनदिक्कत उचलता येते. आत ठोकळे असतात आणि ते जोडावे लागतात, हे तर खरेच.

आता जोडण्याने नेमके काय होते ते पाहू. त्रिमितीतील वस्तू मनात फिरवून पाहण्याची, ती उलटी केली तर कशी दिसेल याचा अंदाज बांधण्याची क्षमता ही उपजत आणि अटळ असते असा पूर्वी समज होता. गेल्या काही दशकांतील संशोधनाने तो मोडीत काढला आहे. या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही क्षमता सरावाने वाढते आणि हा लाभ स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, हे स्पष्ट झाले.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही गोष्ट मुळीच पुस्तकी नाही. बुलढाणा जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शेगावला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी तिथे १०० गुणांची परीक्षा होते. त्यातले ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे आकृत्यांचे असतात. वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातील प्रतिमा शोधा, घडी घालून कापलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. भाषेला २५ आणि गणिताला २५ गुण. प्रवेशातील एक तृतीयांश जागा मुलींसाठी आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखीव आहेत. म्हणजे खेड्यातील दहा-अकरा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या आयुष्यातील पहिली मोठी संधी येते, तेव्हा निम्मे गुण आकार डोळ्यांसमोर फिरवण्याला असतात. शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीतही ठोकळे आणि फासे असतातच. या परीक्षांसाठी गाईड विकत घेणारे पालक असंख्य आहेत. त्याच मुलीला पाचव्या वर्षी ठोकळे घेऊन देणारे किती, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. ठोकळे खेळली म्हणून नवोदय मिळेल असा याचा अर्थ नव्हे. खोक्यावर 'मेंदूचा विकास' असे छापणाऱ्या कंपन्या याहून बराच मोठा दावा करतात आणि त्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य.

आणि बिघडते कुठे?

विरोधकांचा पहिला आक्षेप रंगाचा नाही, तर रचनेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. 'फ्रेंड्स' मालिकेसाठी कंपनीने नव्या सडपातळ बाहुल्या तयार केल्या. १९७८ पासून चालत आलेल्या जुन्या चौकोनी बाहुल्याचे मनगट फिरते आणि पाय स्वतंत्रपणे हलतात. या नव्या बाहुलीचे मनगट फिरत नाही आणि दोन्ही पाय एकत्रच हलतात. तिच्या हातात पाना दिला तरी तो फिरणार नाही! शिवाय सुरुवातीच्या अनेक संचांत भिंतींचे मोठे तयार भाग आणि सजावटीचे तुकडे अधिक होते. चित्र लवकर उभे राहते, पण बांधण्याचे काम कमी उरते. जोडणीचा खेळ आणि बाहुलीघर यांच्यातील सीमारेषा इथे पुसट होते. बाहुलीघर वाईट असते असे नाही. पण मग ते बाहुलीघर म्हणूनच विकावे.

दुसरा आक्षेप खेळातील गोष्टीवर आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील एका सात वर्षांच्या मुलीने कंपनीला लिहिलेले पत्र जगभर गाजले. तुमच्या मुली घरी बसतात, समुद्रावर जातात, खरेदी करतात; मुलगे मात्र साहसे करतात, नोकऱ्या करतात, लोकांचे प्राण वाचवतात, अशी तिची साधी तक्रार होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका महिला भूवैज्ञानिकाच्या कल्पनेतून तयार झालेला स्त्री शास्त्रज्ञांचा संच कंपनीने काढला. त्यात जीवाश्मतज्ज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ अशा तिघी होत्या. तो पाहता पाहता संपला. या संचाच्या यशातून एक गोष्ट निघते, जी दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. गिऱ्हाईक गुलाबी रंगाला भुलले नव्हते. खेळात आपल्यासारखे कोणीतरी काम करताना दिसावे, एवढीच त्याची मागणी होती.

स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकलेल्या डेबी स्टर्लिंग यांनी २०१२ मध्ये लोकवर्गणीतून 'गोल्डीब्लॉक्स' हा संच आणला, त्याचा विचार याच दिशेचा होता. मुलींना गोष्ट आवडते, तर गोष्टीच्या पुस्तकातच यंत्र घाला, अशी ती कल्पना. चाके, दांडे आणि रिबिनीचा पट्टा जोडून नायिकेसाठी फिरणारे यंत्र बांधायचे. कल्पना चांगली होती. पण मुलींना गोष्ट आवडते आणि मुलांना आवडत नाही, हे कोणी ठरवले? चांदोबा वाचून वाढलेल्या पिढ्यांत मुलगे काही थोडे नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल जाणारा आहे. मुलींसाठी वेगळा संच निघाला की उरलेला सगळा माल आपोआप मुलांचा ठरतो. पूर्वी जो नुसता 'ठोकळ्यांचा डबा' होता, तो आता 'मुलांचा डबा' होतो. मुलीला एक दार उघडताना दहा दारांवर पाटी लागते. आणि मुलग्यांचे काय होते, याची तर चर्चाच होत नाही. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या पाहणीत, दुसऱ्या लिंगाचे मानले गेलेले खेळणे खेळलो तर लोक हसतील अशी भीती ७१ टक्के मुलग्यांना वाटत होती, तर मुलींत हे प्रमाण ४२ टक्के होते. गुलाबी खोके मुलीला आत घेते त्याहून पक्केपणाने मुलग्याला बाहेर ठेवते. त्या पाहणीनंतर आपल्या उत्पादनांतून असे साचे काढून टाकू, अशी ग्वाही लेगोने दिली. कॅलिफोर्निया राज्याने तर मोठ्या दुकानांत मुलगा-मुलगी भेद नसलेला विभाग ठेवणे १ जानेवारी २०२४ पासून कायद्यानेच बंधनकारक केले.

रंगाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. गुलाबी म्हणजे बायकी हे समीकरण आपले नव्हेच. लग्नात मामा-काका-आजोबा गुलाबी फेटे बांधून मिरवतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण बाहेरून आलेली ही खूणगाठ आता सरकारनेही उचलली आहे. मतदानाच्या दिवशी महिला कर्मचाऱ्यांचे केंद्र गुलाबी फुग्यांनी सजते आणि राज्य शासनाने २०२४ मध्ये महिलांसाठी आणलेली ई-रिक्षाही गुलाबीच आहे.

चिपाडाची गाडी

आपल्याकडे रचनेची खेळणी परदेशातून आली, असे समजणे चूक ठरेल. ज्वारीच्या चिपाडांचे तुकडे आणि बाभळीचे काटे एवढ्या सामानावर वऱ्हाडातील पोरे बैलगाडी उभी करीत. साल सोलून आतला भेंड काढायचा, काट्याने दोन तुकडे सांधायचे, चाक फिरेल इतकी सैल आणि निघणार नाही इतकी घट्ट खीळ बसवायची. अभियांत्रिकीच्या भाषेत ज्याला सांधा आणि बेअरिंग म्हणतात, त्याचा हा पहिला पाठ होता. त्यासाठी दमडी खर्च येत नसे. कोजागरीला भुलाबाईसाठी धांड्यांचा मखर उभारला जाई, त्यातही मुलींचे हात असत. तोल सांभाळत पाच धांडे एकत्र बांधणे हे काही सोपे काम नव्हे. मात्र त्याला 'रचना' असे कोणी म्हटले नाही. तो मुलींचा सण ठरला. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीचा किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची, हीच वाटणी. ज्या राजाच्या नावाने हे किल्ले उभे राहतात त्याच्या मातेचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेड राजाचा, हे किल्ला बांधताना बहिणीला फक्त पाण्याची बादली आणायला लावणाऱ्या भावांच्या गावी नसते.

आता शेतात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. चिपाड उरले नाही आणि गाडीही उरली नाही. जे पूर्वी बांधावर फुकट मिळे, ते आता खोक्यातून विकत घ्यावे लागते. विकत घ्यायचे म्हटले की पैशाचा आणि पैशाबरोबर 'कोणासाठी' हा प्रश्न येतो.

इथेच वेगळ्या संचाचा व्यावहारिक तोटा ध्यानात येतो. केंद्र सरकारने आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. परदेशी बनावटीचा मोठा संच हजारोंच्या घरात जातो. ज्या घरात एक मुलगा आणि एक मुलगी आहे, तिथे 'तिचा' आणि 'त्याचा' असे दोन संच घेणे परवडणारे नसते. उत्पादकाला मात्र हेच हवे असते, कारण भावाचा डबा बहिणीला चालला तर विक्री एकदाच होते. मध्यमवर्गीय घरात एकच संच येणार असेल तर तो कोणाच्या नावाने येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात बुलढाणा जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील देशभरातील शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव होते ते यामुळेच. मुलगी जन्माला येण्याबाबतच जिथे हिशेब होतो, तिथे तिच्या ठोकळ्यांचा रंग हा फार पुढचा प्रश्न आहे.

त्यामुळे प्रस्तुत प्रतिनिधीचा कौल असा आहे. ज्या घरात मुलीला जोडणीचे खेळणे अन्यथा मिळणारच नाही, तिथे गुलाबी संच आला तर त्याला नाके मुरडू नयेत. पण ती पहिली आणि शेवटची खरेदी ठरू नये. दुकानात खोक्याचा रंग पाहण्याऐवजी तुकड्यांची संख्या पाहावी. एका चित्रापलीकडे त्यातून दुसरे काही बांधता येते का आणि हे तुकडे घरातल्या जुन्या डब्यातील तुकड्यांना जुळतात का, हे विचारावे. 'फ्रेंड्स'चे ठोकळे जुन्या लेगोला जुळतात, ही त्यांची जमेची बाजू आहे. काही स्वस्त नकली संच कशालाच जुळत नाहीत. खेळण्यावर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, तेही तपासावे. छिद्रांच्या पट्ट्या आणि नटबोल्टचे भारतीय बनावटीचे संच मिळतात. त्यांच्या खोक्यावर मुलगा असला तरी आतला पाना मुलीच्या हातात उत्तम बसतो.

पैशाचाच प्रश्न असेल तर उत्तर महाराष्ट्रातच आहे. आयआयटी कानपूरचे अभियंता अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण, घन, मनोरे उभे करून दाखवले. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्रिकोण दाबला तर ढळत नाही आणि चौकोन लगेच वाकडा होतो, ही गोष्ट आगकाड्यांतून ज्या मुलीला उमगली तिला पुलाच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने तर पुढचे पाऊल टाकले. तेथून शाळांत गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात मुले-मुली दोघेही वेल्डिंग, वायरिंग आणि सुतारकामही करतात आणि स्वयंपाकघराशी संबंधित कामेही. मुलींसाठी वेगळे वेल्डिंग मशीन कोणी बनवले नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईसोबत भाजी निवडणारे वडील दाखवले, तेव्हा थोडी कुजबुज झाली खरी. पण ती महिनाभरात विरली.

खेळण्याइतकाच वेळही हवा, हे शहरी वाचकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. ही दरी लग्नानंतर एकाएकी पडत नाही. शाळेतून आल्यावर भाऊ खेळायला बाहेर पडतो आणि बहीण भांड्यांना बसते, तिथेच तिची सुरुवात असते. खरी भांडी घासणाऱ्या मुलीला खेळभांडी देणे ही तर थट्टाच झाली.

शासनाचा खर्च मात्र उलट्या टोकाकडून सुरू होतो. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण केल्या. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. खामगावचे शासकीय तंत्रनिकेतन आणि शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय या परिसरातील मुलींच्या हाकेच्या अंतरावर आहे. तरीही २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातील बी. टेक. विद्यार्थ्यांत मुली सुमारे २९ टक्केच होत्या. अठराव्या वर्षी शुल्क माफ होते. कानस आणि पाना हातात पहिल्यांदा येतो तोही त्याच वर्षी, महाविद्यालयाच्या कार्यशाळेत. शेजारचा मुलगा तोवर बारा वर्षे काहीतरी खोलून बसलेला असतो.

या साखळीच्या मधल्या कड्या सरकारी शाळांत तयार होऊ लागल्या आहेत. एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वयोगटासाठी 'जादुई पिटारा' आणला, त्यातील खेळण्यांवर मुलगा-मुलगी असे काही लिहिलेले नाही. सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. सामान सर्वांसाठी एकच असले तरी हात कोणाचे लागतात, ते पाहायचे असेल तर तालुक्याच्या कोणत्याही विज्ञान प्रदर्शनात जावे. प्रकल्पाच्या टेबलामागे सहसा दोन मुले आणि दोन मुली उभ्या असतात. दिवा लागेनासा झाला की मुलगे तारा उपसू लागतात. सुंदर अक्षरातला तक्ता मुलींनी लिहिलेला असतो आणि परीक्षक आले की तो वाचून दाखवण्याचे कामही त्यांच्याकडेच असते.